वॉर्डातला प्रश्न प्रयोगशाळेत नेताना

ट्रान्सलेशनल संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत सापडलेलं रुग्णाच्या खाटेपर्यंत आणि पुढे गावापर्यंत पोचवणं. व्याख्या एका ओळीत आटोपते. पण डॉक्टर, अभियंता, जीवशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र बसले की प्रकल्प अडतो तो बहुतेक वेळा सांध्यांवर. वॉर्डातून निघालेला नमुना, प्रयोगशाळेतून निघालेला आकडा, एका विषयातून दुसऱ्या विषयात गेलेला शब्द, यातलं काहीतरी हातातून हातात जाताना निसटतं. ही मार्गदर्शिका त्या सांध्यांची आहे.

बोलायला एक उदाहरण धरू. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष), शेजारच्या शहरातली अभियांत्रिकी संस्था, आणि नवजात बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, लवकर ओळखणारी चाचणी. रक्तातले जंतू वाढवून पाहणाऱ्या ब्लड कल्चरला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ही कल्पना प्रत्येक पिढीतल्या बालरोगतज्ज्ञाला सुचते.

आधी निर्णय ठरवा, मग चाचणी

पहिल्या बैठकीत यंत्राबद्दल बोलूच नका. एक वाक्य लिहा: कोणत्या रुग्णात, कोण, किती वाजता, कोणता निर्णय घेण्यासाठी ही चाचणी वापरणार? ‘सेप्सिसचं लवकर निदान’ हे उत्तर चालणार नाही, कारण त्यात निदान दोन वेगळे निर्णय दडलेले आहेत. बाळ मलूल झालं, दूध ओढेना. अँटिबायोटिक सुरू करायचं का? हा पहिला. सुरू केलेलं अँटिबायोटिक आता थांबवलं तर चालेल का? हा दुसरा.

पहिल्यासाठी उत्तर तासाभरात हवं आणि आजारी बाळ सुटता कामा नये. प्रत्यक्षात बाळ खरोखर बिघडलेलं दिसत असेल, तर चाचणी काहीही म्हणो, कुठलाही डॉक्टर औषध सुरू करणारच. मग त्या चाचणीने बदललं काय? दुसऱ्या निर्णयाला ३६ ते ४८ तास हाताशी असतात. तिथे सहा तासांत उत्तर देणारं साधं उपकरणही चालतं, फक्त ‘संसर्ग नाही’ असं त्याने सांगितलं तर त्यावर विसंबता आलं पाहिजे. हा फरक सुरुवातीला बोलला गेला नाही, तर अभियंते चाचणी दहा मिनिटांवर आणण्यात वर्ष घालवतात आणि वॉर्डाला त्या दहा मिनिटांचा काहीच उपयोग नसतो.

अभियंत्याला वॉर्डात उभं करा. एक दिवस पुरत नाही. सकाळचा राउंड, दुपारची शिफ्ट आणि एक रात्र, एवढं तरी हवं. आयआयटी मुंबईतलं ‘बेटिक’ हे २०१४ पासूनचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र याच पायावर चालतं: डॉक्टरकडून प्रश्न घ्यायचा, अभियंत्याने तो रुग्णालयात जाऊन पाहायचा, मग आराखडा. रात्रीच्या पाळीत एक सिस्टर किती बाळांना पाहते, रक्त कोण काढतं, ट्यूब कुठे ठेवली जाते, लॅबचा माणूस किती वाजता येतो, हे नोंदवून घ्या. पहिल्या बैठकीला मुख्य सिस्टर आणि लॅब टेक्निशियन हवेतच. जास्तीची ट्यूब प्रत्यक्षात तेच भरणार आहेत, आणि न भरण्याची खरी कारणंही त्यांनाच माहीत असतात.

एकच शब्द, दोन अर्थ

भांडणं इथून सुरू होतात, आणि बराच काळ कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात येतं: शंभर आजाऱ्यांपैकी किती पकडले. सेन्सर बनवणाऱ्याच्या डोक्यात येतं: रेणूचं प्रमाण थोडं बदललं की सिग्नल किती बदलतो. दोघं ‘सेन्सिटिव्हिटी उत्तम आहे’ म्हणून माना डोलावतात आणि वेगवेगळ्या गोष्टींवर खूश होऊन घरी जातात. ‘कंट्रोल’ डॉक्टरला निरोगी माणूस वाटतो, प्रयोगशाळेत ती नमुना न घातलेली विहीर, म्हणजे चाचणीच्या प्लेटमधला रिकामा खळगा, असते. ‘मॉडेल’ कुणाला उंदीर, कुणाला समीकरण. ‘व्हॅलिडेशन’चे तर जितके विषय तितके अर्थ.

उपाय कंटाळवाणा पण स्वस्त आहे. वीस-पंचवीस शब्दांचा सामायिक कोश करा आणि प्रत्येक शब्दापुढे या प्रकल्पातला एकच अर्थ लिहा. त्यात सर्वांत आधी ‘सेप्सिस’ घाला. कल्चर पॉझिटिव्ह आलं तरच सेप्सिस? की लक्षणं आणि वाढलेला सीआरपी (सूज-संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) असेल तरीही? त्वचेवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस जंतू कल्चरमध्ये उगवला तर तो धरायचा की नाही? आईला आधीच अँटिबायोटिक मिळालेलं असेल तर? व्याख्येत सीआरपी घातला आणि पुढे ‘आमची चाचणी सीआरपीपेक्षा सरस’ असं दाखवायला गेलात, तर पंच आणि खेळाडू एकच झाला. असा पेपर चांगला परीक्षक पहिल्या वाचनात परत पाठवतो.

रक्त: किती, कशात, किती वेळात

अभियंता हमखास २ मिलिलिटर मागतो, कारण त्याने सराव प्रौढांच्या रक्तावर केलेला असतो. हिशेब मांडून दाखवा. बाळ दीड किलोचं. रक्त किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर, म्हणजे एकूण सुमारे १२७. लहान मुलांवरच्या चाचण्यांसाठी युरोपात सुचवलेली मर्यादा अशी: संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्का आणि चार आठवड्यांत ३ टक्के. म्हणजे एका वेळी जेमतेम १.३ मिलिलिटर. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. त्याच टोचणीत कल्चरला १ मिलिलिटर द्यायचं आहे, शिवाय रक्तगणना आणि सीआरपी. संशोधनाच्या वाट्याला अर्धा मिलिलिटर आला तरी पुष्कळ. नवजात बाळाचं हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५० ते ६० टक्के असतं, त्यामुळे त्या अर्ध्या मिलिलिटरमधून प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) निघतो जास्तीत जास्त २०० मायक्रोलिटर. चाचणी तेवढ्यात बसणार नसेल, तर ते पहिल्या महिन्यातच कळलेलं बरं.

ट्यूबचा रंग ठरवून टाका. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणारी अभिक्रिया) करायचा असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची हिरवी ट्यूब टाळा, हेपॅरिन ती अभिक्रिया अडवतं. कॅल्शियमवर चालणारी अभिक्रिया असेल तर ईडीटीएची जांभळी ट्यूब घात करते, कारण ईडीटीए कॅल्शियमच बांधून ठेवतं. ईडीटीएची ट्यूब भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. न केल्यास गुठळी, जोरात हलवल्यास पेशी फुटून लालसर प्लाझ्मा. बाळाच्या टाचेतून पिळून काढलेल्या रक्तात हे जास्त होतं. लालसर नमुना टाकून देऊ नका. लाली किती ते ठरलेल्या रंगपट्टीशी ताडून लिहा आणि विश्लेषणात तो घ्यायचा की नाही हा नियम आधी ठरवा.

नमुना फिरवून प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी ‘३००० आरपीएमवर दहा मिनिटं’ असं कधीही लिहू नका. खरा जोर फेऱ्यांसोबत रोटरच्या त्रिज्येवरही ठरतो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांना सुमारे १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर) मिळतात, १६ सेंटिमीटरच्या यंत्रात सुमारे १६००. दोन रुग्णालयांनी तोच आकडा पाळला तरी एकीकडच्या प्लाझ्मात प्लेटलेट जास्त उरतात, आणि पुढे कुणीतरी तो फरक ‘प्रादेशिक भेद’ म्हणून छापतो. १५०० जी, १० मिनिटं, ४ अंश सेल्सिअस, असं लिहा आणि प्रत्येक यंत्राच्या फेऱ्या काढून त्यावर चिकटवा.

रक्त काढल्यापासून फिरवेपर्यंतचा वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. ‘दोन तासांच्या आत’ असं ठरवलं, तर काढल्याची आणि फिरवल्याची अशा दोन्ही वेळा घड्याळ पाहून लिहायच्या. रात्रीच्या नमुन्यांना उशीर होतो, आणि जास्त आजारी बाळांचे नमुने अवेळीच निघतात. म्हणजे उशीर आणि आजार एकमेकांत मिसळतात, आणि चाचणी सेप्सिसऐवजी उशीर मोजायला लागते. प्लाझ्मा ५०-१०० मायक्रोलिटरच्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकच मोठी कुपी पुन्हापुन्हा वितळवली की प्रथिनं मोडतात. कुपीवर पेनने लिहिलेलं टिकत नाही. गोठणाला टिकणारी छापील चिकटपट्टी लावा. बाळाचं नाव नको, फक्त क्रमांक.

लेबलाचं मोल कळायला नेक्सकार-१९ पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून त्यालाच परत देतात. एक बॅच म्हणजे एक माणूस. तिथे लेबल हा औषधाचाच भाग आहे.

नमुने दुसऱ्या शहरात पाठवताना थर्मोकोलच्या जाड पेटीत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. लहान पेटीतून दिवसाला २.५ ते ५ किलो उडून जातो, म्हणून एक दिवस जास्तीचा धरून भरा. झाकण हवाबंद करू नका, वायू कोंडून पेटी फुटते. शुक्रवारी काहीही पाठवू नका. दिवाळी-गणपतीच्या आठवड्यातही नाही.

प्लेटवर नमुने लावताना आजारी आणि निरोगी मिसळून लावा, आणि कोणता कुणाचा हे लावणाऱ्याला माहीत नको. ९६ विहिरींच्या प्लेटवर आठ मानकं (प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने) आणि दोन तपासणी-नमुने प्रत्येकी दोनदा लावले, की रुग्णांचे ३८ नमुने दोन-दोनदा बसतात. ते सगळे आजारी सोमवारी आणि सगळे निरोगी शुक्रवारी लावले, तर दिसणारा फरक वारांचा आहे की रोगाचा, हे कुठलंही संगणकीय गणित नंतर सांगू शकत नाही.

संख्याशास्त्रज्ञ शेवटी नाही, पहिल्या आठवड्यात

समजा चाचणी ९० टक्के आजारी बाळं पकडेल असा अंदाज आहे आणि तो आकडा ५ टक्के इकडेतिकडे एवढ्या खात्रीने सांगायचा आहे. सूत्राने सुमारे १३८ कल्चर-पॉझिटिव्ह बाळं लागतात. संशयित बाळांपैकी १० टक्केच पॉझिटिव्ह येत असतील तर १३८० बाळं. तुमच्या एनआयसीयूत महिन्याला अशी २० संशयित बाळं येतात. म्हणजे ६९ महिने. एमडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा.

इथे तीनच वाटा आहेत: आणखी रुग्णालयं जोडा, १० टक्के इकडेतिकडेवर समाधान माना (३५ पॉझिटिव्ह, सुमारे ३५० बाळं, दीड वर्ष), किंवा हा अभ्यास प्राथमिक आहे हे शीर्षकातच मान्य करा. चौथी वाट म्हणजे प्रसूती वॉर्डातली धडधाकट बाळं तुलनेला घेणं. ती करू नका. खणखणीत निरोगी बाळ आणि शॉकमधलं बाळ यांच्यातला फरक आजीही सांगते. चाचणी लागते मधल्या, संशयाच्या बाळांसाठी, आणि तिथे आकडे नेहमी घसरतात.

माहिती एक्सेलमध्ये साठवायचा मोह टाळा. क्रमांकापुढची शून्यं उडतात, तारखा महिना-दिवस उलट होतात, आणि काही जनुकांची नावं तर आपोआप तारखा बनतात. हा ताप इतका झाला की २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. रेडकॅप ही माहिती साठवायची संगणक प्रणाली ना-नफा संस्थांना मोफत मिळते, आणि कोणी कधी काय बदललं ते नोंदवते. प्रत्येक रकान्याचं एकक लिहा. सीआरपी एका लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरीत प्रति डेसिलिटर असतो. दहापटीचा फरक, आणि दोन्ही आकडे विश्वसनीय दिसतात. न मिळालेल्या माहितीसाठी ९९९ लिहायची जुनी सवय सोडा, एक दिवस ते सरासरीत मिसळतं. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी रुग्णालयातच कुलपात राहील, बाहेर जाणार नाही.

परवानग्या आणि संमतीपत्राची मराठी

प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीला वेळ लागतो. दोन संस्था असतील तर तीन-चार महिने धरून चाला. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. समितीचे ठरावीक प्रश्न असतात: उरलेल्या नमुन्याचं काय करणार, बाळाचं रक्त फक्त संशोधनासाठी वेगळं टोचून काढणार का, भागीदार परदेशी आहे का. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वाटही धरावी लागते. रुग्णावर काही उपचार किंवा हस्तक्षेप करून पाहणार असाल, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी स्वीकारत नाहीत. उपकरण असेल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ते अ ते ड यांपैकी कोणत्या वर्गात बसतं हे पाहा. चाचणीपुरतं बनवायलाही परवाना लागतो, एमडी-१३. तो अर्ज अभियंत्याच्या संस्थेने करायचा की कंपनीने, यावरच सहा महिने वाद चालू शकतो.

संमतीपत्र इंग्रजीतून शब्दशः उतरवू नका. ‘यादृच्छिक पद्धतीने’ हे कुठल्याही आईला कळत नाही. ‘चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं’ कळतं. ‘जैविक नमुना’ नको, ‘रक्त’ म्हणा, आणि किती ते चमच्यात सांगा. बाळंतीण दमलेली असते, वडील बाहेर, निर्णय बहुधा आजीशी बोलून होतो. म्हणून कागद हातात दिल्यावर लगेच सहीला उभं राहू नका. आणि ‘नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही’ हे वाक्य वाचून दाखवू नका, तोंडाने सांगा. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनाला वापरायचं का, यासाठी वेगळी चौकट आणि वेगळी सही घ्या. नंतर शेकडो कुटुंबं शोधणं अशक्य असतं.

नावं, पैसे, पेटंट

हे बोलायला सगळ्यांना संकोच वाटतो, आणि म्हणूनच पहिल्या महिन्यात एका पानावर लिहून सह्या कराव्या लागतात. वैद्यकीय शिक्षकाला बढतीसाठी पहिल्या काही नावांत असणं हवं असतं. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रमुखाचं, गणितात बहुधा नावं अकारविल्हे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पहिलं नाव हवंच, निवासी डॉक्टरलाही. यावर उतारा म्हणजे एका मोठ्या पेपरऐवजी दोन: वॉर्डातल्या निकालांचा एक, उपकरणाचा दुसरा. आधी ठरलं तर हे सहज होतं, मसुदा तयार झाल्यावर होत नाही. नमुने पुरवले एवढ्यावर लेखकपद मिळत नाही, हे नियमाने खरं आहे. पण ज्याने पुरवले त्याला मांडणीत आणि लेखनात खरं काम द्या, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

पेटंटचा अर्ज पोस्टरच्या आधी. परिषदेत दाखवलेली कल्पना नवी उरत नाही; कायद्यातल्या सवलती इतक्या अरुंद आहेत की त्यांच्या भरवशावर राहू नये. तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. भारतात निदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळू शकतं. अर्जाची भाषा त्याप्रमाणे हवी.

सरकारी महाविद्यालयात आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते: बदली. प्रमुख संशोधक दुसऱ्या जिल्ह्यात गेला की निधी, फ्रीजरची किल्ली आणि नैतिकता समितीची मंजुरी मागे अडकते. त्याच विभागातला एक सहसंशोधक पहिल्या दिवसापासून कागदावर हवा. रोजचं काम बघायला पगारी समन्वयक नेमा. निधीत एकच पद मिळणार असेल, तर यंत्रापेक्षा ते मागा. दर पंधरवड्याला ४५ मिनिटांची बैठक, ठरलेलं सगळं एकाच फाइलमध्ये. खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र मार्चअखेर कोण देणार, तेही त्याच पानावर.

पेपर छापल्यानंतर

गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास ३९ गावांत केला. गावातल्या प्रशिक्षित स्त्रिया सेप्सिस ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी दिसला. पेपर १९९९ चा. देशपातळीवर कार्यक्रम आला २०११ मध्ये; त्यात आशा स्वयंसेविकांच्या घरभेटी राहिल्या, इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. म्हणजे पुराव्याच्या संचातला कोणता तुकडा सरकारी यंत्रणा उचलेल, हे संशोधकाच्या हातात नसतं. म्हणून अभ्यास आखतानाच कोणत्या तुकड्याने किती फरक पडला हे सांगता येईल अशी नोंद ठेवा. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. त्यात डॉक्टरांऐवजी आरोग्यसेविकाच अ‍ॅसिटिक आम्ल लावून पाहत होत्या, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. साधन आणि हात दोन्ही कार्यक्रमात परवडतील असेच सुरुवातीपासून निवडले होते.

आपल्या उदाहरणात हाच प्रश्न लवकर विचारा. ही चाचणी पुढे जिल्हा रुग्णालयात कोण करणार, अभिकर्मक (चाचणीची रसायनं) कोणत्या तापमानात राहणार, वीज गेली तर काय, प्रत्येक चाचणीला किती रुपये? तालुक्याच्या नवजात कक्षात उणे ८० अंशांचा फ्रीजर नसतो, घरगुती फ्रिज असतो, आणि त्यात कधीकधी डबेही.

प्रकल्प बंद करताना नैतिकता समितीला समाप्तीचा अहवाल द्या, नावांच्या यादीचं काय झालं ते त्यात लिहा, आणि फ्रीजरमधल्या प्रत्येक पेटीवर कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेपर्यंत, ही चिठ्ठी लावा. अशी चिठ्ठी नसलेली पेटी पुढचा विभागप्रमुख जागा हवी म्हणून बाहेर काढतो.